पसरून वाचणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम टेबलावर ठेवून काही वाचत नसत. वर्तमानपत्र असो, उत्तरपत्रिका असो की प्राचार्यांची नोटीस असो, आधी ते जमिनीवर पसरायचं, समोर मांडी घालून बसायचं आणि मगच वाचायचं. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाट्याला एक चांगलं सागवानी टेबल आलं होतं. त्यावर त्यांनी कुंड्या मांडल्या होत्या. फरशीवर मात्र त्यांचं राज्य. फळ्यावर नोटीस लागली की त्या टाचण्या काढून ती खाली घ्यायच्या, वाचायच्या आणि होती तशी परत लावून ठेवायच्या. नव्यानं नोकरीला लागलेले सर दारातून आत आले की दचकायचे. बाईंना चक्कर आली की काय, असं त्यांना वाटायचं. मग आठवड्याभरात तेही भिंतीच्या कडेकडेनं चालायला शिकायचे.

"भिंतीवरच्या कागदाकडे माणूस नुसता बघतो," मॅडम म्हणायच्या. "खाली टाकलेल्या कागदाकडे वाकावं लागतं. वाकल्याशिवाय डोक्यात काय शिरणार, कपाळ?"

त्या वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. राहायच्या वसईजवळच्या गिरीजला, भावाच्या वाडीत. वाडीत केळी, नारळ, भाजीपाला आणि कुंपणापलीकडे रोज एक फूट जवळ येणाऱ्या नव्या इमारती. सकाळी स्कूटरवरून कॉलेजात यायच्या तेव्हा पायाजवळ एखादं केळफूल नाहीतर मुळासकट उपटलेलं काहीतरी ठेवलेलं असायचं. ते त्या दिवशीच्या तासाला कापलं जायचं आणि उरलेलं कुणाच्या तरी घरी भाजीला जायचं. आमच्या नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये केळफुलाची भाजी पहिल्यांदा शिजली ती मॅडमच्या कृपेनं. आई म्हणाली होती, "तुमच्या बाई परीक्षेतलं सामान वाटतात की काय?"

मुलींना त्या "बाय" म्हणायच्या आणि मुलांना "बाबू". कोणी पाठ केलेलं घडाघडा म्हणायला लागलं की हात वर करून थांबवायच्या. "ओलं आहे. अजून वाळव." हा त्यांचा सगळ्यात मोठा शेरा. प्रयोगवहीत लाल शाईनं फक्त "ओलं" एवढंच लिहिलेलं असायचं. पहिल्या वर्षाची पोरं वही हुंगून बघायची.

हे वाळवण्याचं वेड आलं होतं सुकेळ्यांमधून. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात. मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड. पूर्वी वसईच्या वाड्यांमधून घरोघर करायचे. आता करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली. मॅडमच्या घरी त्यांच्या वहिनी अजून करायच्या. अंगणात बांबूंचा बुटका मांडव, त्यावर चटया आणि चटयांवर ओळीनं निजलेली केळी. दिवसभर परतायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या वाळक्या पानांत घट्ट गुंडाळून ठेवायची, सकाळी परत सोडून पसरायची. मॅडमचा लहानपणापासूनचा प्रश्न एकच होता. वाळवायचंच आहे तर मग रात्री गुंडाळून का ठेवायचं? उघडं ठेवलं तर लवकर नाही का वाळणार?

घरात उत्तर एकच: तसं करतात म्हणून.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी झकास, परदेशी नाव असलेलं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओलं आहे. चल, तुला केळी दाखवते." झालं. माझं पुढचं वर्ष केळ्यांत गेलं. अर्धी केळी मांडवावर, अर्धी कॉलेजच्या विजेच्या ड्रायरमध्ये. सकाळ-संध्याकाळ त्यांतलं एकेक कापायचं, आतला गाभा वेगळा, वरचा भाग वेगळा आणि कशात किती पाणी उरलंय ते बघायचं. ड्रायरमधली केळी वरून झटपट कडक व्हायची आणि आत चिकट राहायची. कवच बसलं की आतलं पाणी आतच कोंडायचं. मांडवावरच्यांचं तसं होत नव्हतं. रात्री गुंडाळलेली असताना गाभ्यातलं पाणी हळूहळू बाहेरच्या भागात यायचं आणि सकाळचं ऊन त्याला घेऊन जायचं. हे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं तेव्हा मॅडम प्रयोगशाळेत बसल्या जागी ओरडल्या, "अगो बाय! ते झोपेत घाम गाळतंय!" शेजारच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून दोघं जण धावत आले.

आता माझी अडचण सांगते. एम.एस्सी. संपली होती. बाबांनी त्यांच्या ओळखीनं अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या ऑफिसात माझ्यासाठी नोकरी बघितली होती. दिवसभर दुसऱ्यांचे अहवाल संगणकात भरायचे. बाबा वाईट नव्हते. रत्नागिरीकडून येऊन, सगळी उमेद नोकरी आणि फ्लॅटच्या हप्त्यांत घातलेला माणूस. ते म्हणाले, "संशोधन करायचा कोणी पगार देत असेल तर मी स्वतः पेढे वाटीन. नसेल तर सोमवारी त्यांना हो म्हणायचं." त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी विरारच्या एका कॉलेजात परिषद होती. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेतले, फळं वाळवण्यावरच काम करणारे एक प्रोफेसर तिथे पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्याकडे प्रकल्पासाठी माणूस हवा असल्याची कुणकुण मॅडमना लागली होती. माझं पोस्टर स्वीकारलं गेलं होतं. ते प्रोफेसर त्या पोस्टरपाशी थांबले तर काही आशा होती. ते पुढे निघून गेले, तर अंधेरी.

"थांबवू आपण त्यांना," मॅडम म्हणाल्या. "पसर."

पोस्टर म्हणजे माझ्या मते संगणकावर करायची गोष्ट. मॅडमच्या मते ती अंगणात करायची. मांडवाशेजारी एक लांबलचक मोकळी चटई अंथरली गेली. मी मजकुराचे आणि आलेखांचे तुकडे छापून नेले. चटईच्या एका बाजूला मी बसले, समोरच्या बाजूला मॅडम. माझ्याकडे निष्कर्ष, आलेख, ड्रायरची भानगड. त्यांच्याकडे वाडी, मांडव, केळी गुंडाळायची रीत आणि त्यांचा तो जुना प्रश्न. मध्ये आडवी शीर्षकाची पट्टी. मॅडमच्या हातात कात्री. माझी वाक्यं त्या मोठ्यांदा वाचायच्या आणि मांडवावर केळी परतणाऱ्या वहिनींकडे बघायच्या. वहिनींनी जांभई दिली की कात्री चालायची.

"अहो मॅडम, ती संदर्भासाठी लागणारी ओळ आहे!"

"जांभई आली तिला."

"त्यांना झोप आली असेल!"

"मग प्रोफेसरला येणार नाही कशावरून?"

वहिनी मधूनच उठून यायच्या, कमरेवर हात ठेवून चटईकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मना हांग, या कागदात केळी कटे?" मला सांग, या कागदात केळी कुठे आहेत, असा त्यांचा प्रश्न होता. खरंच, एकही केळं नव्हतं. माझे आलेख होते, रेषा होत्या, पण केळं नव्हतं. मॅडम इतक्या हसल्या की कात्री खाली पडली. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या बाजूला केळ्याचे फोटो आले. कापलेल्या केळ्याचे, सकाळचा गाभा आणि संध्याकाळचा गाभा, शेजारी शेजारी. पोस्टरमध्ये जीव आला तो तिथे.

आठवडाभर आमचं हेच चाललं. त्यांचं काही वाचायचं असलं की मी उठून पलीकडे जायची, माझं वाचायचं असलं की त्या माझ्या बाजूला यायच्या. शेवटच्या संध्याकाळी सगळं मनासारखं लागलं. चटई एवढी लांब होती की पूर्ण फोटो घ्यायला मला तिच्या टोकाला जाऊन उभं राहावं लागलं. फोटोत सगळी अक्षरं आडवी निजलेली आली. मी तो फोटो आणि सगळ्या तुकड्यांच्या फाइली नालासोपाऱ्याच्या फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. वाढदिवस, बारसं, दहीहंडी, सणाच्या शुभेच्छा, असलं सगळं छापणारा तो गडी. त्यानं अंगठा पाठवला. कामाला लागलो म्हणून.

शनिवारी सकाळी गुंडाळी त्याच्याकडून घेतली तेव्हा उशीर झाला होता. मॅडमची स्कूटर गेटाशी फुरफुरत होती. गुंडाळी मांडीवर आडवी धरून मी मागे बसले आणि रस्त्यातल्या प्रत्येक माणसाला तिचं टोक लागता लागता वाचवत आम्ही विरार गाठलं.

हॉलमध्ये उभे बोर्ड मांडलेले. लोक पिना टोचतायत, कोणी टायची गाठ सैल करतोय, कोणी आपलंच पोस्टर पाठ करतोय. आम्ही आमची गुंडाळी उघडली आणि बोर्डावर धरली.

खालचा अर्धा भाग झकास होता. वरचा अर्धा शीर्षासन करत होता. मांडव उलटा, केळी उलटी, मॅडमचं एकूण एक अक्षर उलटं. पोस्टर फिरवून धरलं तर मॅडमचा भाग सरळ आणि माझे आलेख पाय वर करून उभे. आठवडाभर समोरासमोर बसून आम्ही दोघींनी आपापल्या बाजूनं सरळ असलेलं पोस्टर केलं होतं, आणि हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो बिचारा शांत होता. "ताई, फोटोत जसा होता तसाच टाकलाय ना. एक लाइन पण हलवली नाय. मला पण जरा वाटलं, पण बोललो, कॉलेजवाले लोक आहेत, त्यांच्यात असंच असेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. छापायला वेळ नव्हता. तासाभरात सगळे चहासाठी बाहेर पडणार आणि पोस्टर बघणार होते. मला अंधेरीचं ते ऑफिस दिसायला लागलं, त्याच्या एसीचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पोस्टरकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा दिवाळीच्या पहाटेसारखा उजळला होता.

"अगो, रडतेस काय?" त्या म्हणाल्या. "हे बोर्डासाठी झालंच नाही. पसर!"

हॉलमधून चहाच्या मांडवाकडे जायला एकच रुंद व्हरांडा होता. मॅडमनी त्याच्या मधोमध पोस्टर अंथरलं. चारी कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. त्या कुठून आणल्या ते मी विचारलं नाही, पण प्राचार्यांच्या केबिनबाहेर नंतर चार ओले गोल डाग दिसत होते. लगेच छातीवर बिल्ला लावलेले एक तरुण सर धावत आले.

"मॅडम, पोस्टर बोर्डवरच लावायचंय. बोर्ड नंबर दिलाय तुम्हाला."

"बोर्ड छान आहे. आम्हाला फरशी पुरते."

"पण लोक जाणार कुठून?"

"तेच बघायचंय मला."

ते परिषदेच्या मुख्य सरांना बोलवून घेऊन आले. मुख्य सर तावातावानं आले, मॅडमना पाहिलं आणि त्यांचा ताव गेला. ते मॅडमचे जुने विद्यार्थी निघाले. वसई-विरारमध्ये मॅडमचा विद्यार्थी नसलेला माणूस शोधायचा म्हणजे कठीणच. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि नकळत भिंतीच्या कडेला सरकले. "बक्षिसाला धरता येणार नाही हं, मॅडम," एवढंच पुटपुटून गेले.

मग दारं उघडली आणि चहाच्या ओढीनं लोंढा आला. आला तो थबकला. पसरलेल्या गोष्टीवरून ढांग टाकून जायला आपल्याकडे कोणाचा पाय उचलत नाही. मग ते पापड असोत, गहू असोत की छापलेलं पोस्टर असो. पुढचे थांबले म्हणून मागचे थांबले. एक बाई वाकल्या. दुसऱ्या उकिडव्या बसल्या. एका वयस्क सरांनी तर सवयीनं चपला काढून कडेला ठेवल्या आणि मांडी घातली. त्यांच्या चपला बघून आणखी चार जणांनी काढल्या. चपलांची रांग बघून लांबचे लोक बघायला आले, इथे काय चाललंय म्हणून.

आणि मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या बाजूला बसलेला एक जण आलेखावर बोट ठेवून म्हणाला, "पण ड्रायरमधलं आतून ओलं का राहतं?" समोर, मॅडमच्या बाजूला बसलेल्या बाई तिकडून म्हणाल्या, "इकडे लिहिलंय ना! हे लोक रात्री गुंडाळून ठेवतात." "मग त्यानं काय होतं?" "ते तुमच्याकडे असेल, आकडे तुमच्याकडे आहेत!" लोक एकमेकांना माझं पोस्टर शिकवत होते. जागा बदलत होते, सरकत होते, वाद घालत होते. हॉलमध्ये बोर्डांशेजारी उभे असलेले विद्यार्थी माना लांब करून बघत होते. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर मॅडमनी कोपर मारलं. "विचारू दे आधी. तू सांगायला लागलीस की ते निघून जातात."

ते प्रोफेसर कधी येऊन बसले ते मला कळलंच नाही. पांढरा शर्ट, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, मॅडमच्या बाजूला गुडघे टेकलेले. सगळं वाचून ते तसेच गुडघ्यांवर रांगत माझ्या बाजूला आले. मूळचे नागपूरचे निघाले. वर बघून म्हणाले, "काय करून राहिले बाप्पा तुम्ही हे? अर्धं इकडून, अर्धं तिकडून?"

"चूक झाली सर," मी म्हणाले.

"ही चूक पोस्टरची. याची नाही ना?" त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "रात्री पाणी बाहेर येऊन राहिलं, हे कसं मोजलं?"

मी सांगितलं. गाभा वेगळा, वरचा भाग वेगळा, सकाळी आणि संध्याकाळी. सुरुवातीला अडखळत, आणि मग मलाच थांबवेना. त्यांनी विचारलं, पानाऐवजी कापडात गुंडाळलं तर? मी म्हणाले, करून बघितलं, कमी येतं. का? मी म्हणाले, "माहीत नाही सर. तेच तर शोधायचंय मला."

ते हसले. "म्हणजे आमच्या मशीनला मधून मधून झोपवायला पाहिजे म्हणता. आम्ही तिला रात्रभर पळवत होतो." मग थोडा वेळ पोस्टरकडे बघत राहिले. "गुंडाळण्याचा हा प्रश्न सुचला कोणाला?"

"मॅडमना," मी म्हणाले. "त्या लहान असल्यापासून त्यांच्याकडे आहे."

प्रोफेसर मॅडमकडे वळले. "मग तुम्ही होत्या कुठे इतके दिवस?"

"गिरीजला," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनीही तरुणपणी पीएच.डी.साठी नाव घातलं होतं आणि भावाचं आजारपण, वाडी, घर या सगळ्यात ते सुटलं, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी बोलताना मी ऐकलं होतं. त्या स्वतः त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत. मी तो विषय काढायचं धाडस कधी केलं नव्हतं.

"माझ्या प्रकल्पात एक जागा आहे," प्रोफेसर म्हणाले. "दर महिन्याला फेलोशिप मिळेल. एप्रिलपासून यायला लागेल. पण जागा एकच आहे हं." त्यांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत मॅडमकडे.

मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, तरी मी बघितलं. त्यांना जायचं होतं. स्पष्ट दिसत होतं. दुकानाच्या काचेला नाक लावलेल्या पोरीसारख्या त्या प्रोफेसरांकडे बघत होत्या. मला जागा हातची जाण्याची भीती वाटली आणि त्यांची दया आली, आणि दोन्हींची लाजही वाटली. मग मॅडमनी खाकरून घसा साफ केला.

"असं करा," त्या म्हणाल्या. "हिला पगारावर घ्या. मला मे महिन्यात फुकट घ्या. कॉलेजला सुट्टी असते."

प्रोफेसर क्षणभर बघत राहिले आणि मग फरशीवर हात आपटून हसायला लागले. "या! राजेळीचा घड घेऊन या!" मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी खरंच वाजवल्या. चपला काढून बसलेल्या सरांनीही वाजवल्या, काय झालंय हे पुरतं न कळता.

मी बाबांना फोन लावला. मॅडमनी फोन काढून घेतला. "नमस्कार. तुमच्या मुलीला संशोधनाचा पगार मिळणार आहे. पेढे चांगल्या दुकानातले आणा." मग बाबा म्हणाले, "मॅडम, किती किलो?"

बक्षीस अर्थातच बोर्डावरच्या एका पोस्टरला मिळालं. चांगलं होतं ते. सरळही होतं.

एप्रिलमध्ये मी दक्षिणेत रुजू झाले. नवीन भाषा, नवीन जेवण, मोठमोठी यंत्रं, आणि यंत्रांना झोपवायचे माझे प्रयोग. पहिल्या महिन्यात दोनदा रडले आणि दोन्ही वेळा सकाळी उठून परत कामाला गेले. मे उजाडला आणि मॅडम खरोखर आल्या. एका हातात केळ्यांचा घड, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, खांद्याला पाण्याची बाटली. दोन दिवसांच्या प्रवासानं साडी चुरगळलेली, पण चेहरा ताजा. मी त्यांना घ्यायला संस्थेच्या फाटकापर्यंत पळत गेले. फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं त्यांना अडवलं होतं. तो हिंदीत विचारत होता, आप कौन, किससे मिलना है.

मी पुढे होऊन सांगणार होते की या माझ्या गुरू, यांनीच मला इथवर आणलं. पण मॅडमनी घड खाली ठेवला, पदर सारखा केला आणि माझ्याकडे हात करून ताठ आवाजात म्हणाल्या, "मैं इनकी स्टुडंट हूँ. नई आई हूँ."

रक्षकानं खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. मग खाली ठेवलेला घड मी उचलला.